वाचता येत नाही, तर इतिहास कशाला?

कापूसकोंड्या :
काल एका सरांनी इथे लिहिलं, नववीत येऊनही ज्याला धड वाचता येत नाही त्याच्यावर इतिहासाचे तास घालवू नका, आधी वाचायला शिकवा. सर, तुमचं ज्ञान तुमच्यापाशी ठेवा.

मी खारपाणपट्ट्यात शिकवतो, म्हणजे विहिरींचं पाणी खारट असलेल्या भागात. वर्गात एक पोट्टं आहे. 'सविनय कायदेभंग' वाच म्हटलं की बोट 'सवि'वर अडतं, अन् 'सविता' म्हणून मोकळं होतं. पोरं हसतात, ते खाली बसतं. एक दिवस पुस्तक मिटवलं अन् 1930 सालचा, अकोल्याकडच्या दहीहंडा गावचा मिठाचा सत्याग्रह सांगितला. अकोल्याले समुद्र कुठून, मग मीठ कायचं? तेच पोट्टं उठलं : "सर, आमच्या हिरीचं पाणी आटवलं का गंजाच्या बुडाले पांढरं बसते, थेच!" अन् वरून विचारते, "हिर आपली, मंग कर सरकारले काहून?" पहिल्या बाकावरच्या घडाघडा वाचणाऱ्यांना हे सुचलं नव्हतं.

मास्तर वणीकर :
ते सर मीच. गोष्टी सांगून वर्ग खूश होतो, बोर्डाची परीक्षा पास होत नाही. पेपर 40 गुणांचा अन् छापील असतो. दहावीचं पुस्तक उघडून पाहा, पहिलाच धडा इतिहासलेखनाचा. व्हॉल्टेअर, रांके, फुको, सगळे युरोपातले विचारवंत. फुकोला कोणत्या गंजात आटवता, भाऊ?

पऱ्हाटी :
😂 फुको तर आमच्या मुख्याध्यापकांनाही आटत नाही.

एक आई, यवतमाळ :
सर, डिस्लेक्सिया, म्हणजे हुशार असूनही वाचायला अडचण असलेलं पोरगं अन् कोणी नीट शिकवलंच नाही असं पोरगं, यातला फरक माहीत आहे का तुम्हाला? 2016 च्या अपंगत्वाच्या कायद्यात हे आलंय. लेखनिक मिळतो, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. पण आधी प्रमाणपत्र पाहिजे! आम्ही गेलो तर म्हणे तपासणारा माणूसच नाही, नागपूरला जा. वेचणीच्या दिवसात मजुरी बुडवून कोण जाते नागपूरला? शाळेतले बाबू म्हणाले, "कायले त्रास घेता ताई, होते पास." पास होण्याचं कोण बोलतंय?

झाडीपट्टी :
दहीहंडा सांगितलं, चांगलं केलं. 'छोडो भारत'मधला चिमूरचा उठाव कोण सांगणार? 16 ऑगस्ट 1942! आठवीच्या पुस्तकात चिमूर, आष्टी, यावली, महाड, गारगोटी एका दमात उरकलेत. पुण्याकडचं असतं तर अख्खा धडा झाला असता.

आष्टीकर :
16 ऑगस्टला आष्टीही पेटली होती. दरवेळी चिमूर पुढे कायले?

झाडीपट्टी :
पुस्तकात चिमूर आधी छापलंय, त्याले मी काय करू?

पुसदचा पाहुणा :
अन् 1930 चा जंगल सत्याग्रह? इंग्रजांचा जंगल कायदा मोडायला बापूजी अण्यांनी गवत कापलं ते कुठे? पुसदचं नाव काढाले तुमची जीभ अडते का?

मास्तर वणीकर :
घ्या. हे सगळे वाचता येणारे.

अहेरीचा :
भांडा. आमच्याकडे इंग्रजांशी लढलेले बाबुराव शेडमाके लहान पोरालाही माहीत आहेत, 21 ऑक्टोबर 1858 ला त्यांना चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, फाशी दिली. घरी गोंडीत ऐकलेलं असते ना. तेच मराठी पुस्तकात आलं की पोरगं मुकं. तिथे वाचन अडते का भाषा, हे कोणी तपासते? शेरा मात्र एकच, 'वाचनात कच्चा'.

मास्तर वणीकर :
भाषेचं मान्य. वर्गात साठ पोरं, त्यात मतदार यादीचं काम, त्यात अहवाल. तरी चला, कापूसकोंड्याचं ऐकलं. सांगा गोष्ट. पण संपली की त्याच गोष्टीच्या चार ओळी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा अन् त्याच पोट्ट्याकडून वाचून घ्या. ऐकूनच भागते असं वाटलं तर ते जन्मात वाचणार नाही. उद्या बँकेच्या कागदावर अंगठा उठवेल, तेव्हा तुमचा दहीहंडा कामी येणार नाही.

कापूसकोंड्या :
चार ओळींचं पटते. हेच काल लिहिलं असतं तर माझी झोप वाचली असती. गोष्ट माहीत असली की शब्द अंदाजानं तरी सापडतो, 'सविनय'ची 'सविता' होत नाही.

एक आई, यवतमाळ :
फळ्यापाशी सर्वांसमोर उभं करू नका, हात जोडते. माझ्या लेकानं त्याच धाकानं शाळा बुडवाले सुरुवात केली.

मास्तर वणीकर :
बरं ताई, मधल्या सुट्टीत एकट्याला बोलवा. अन् त्या पुसदवाल्याले आवरा कोणी, मेसेजवर मेसेज पाठवून राहिला.