गर्ट्रूड बेलची हाइल मोहीम: हुंडी, रफीक आणि पाणी

वाळूघड्याळ
१९१३ च्या डिसेंबरात गर्ट्रूड बेल ही ब्रिटिश प्रवासी दमास्कसहून निघाली आणि अरबस्तानातल्या हाइल शहराला पोचली. नवरा-भाऊ कुणी सोबत नाही, पुरुषवेष नाही. धाडसाचं कौतुक पुष्कळ वाचलं. पण तांडा चालला कसा? टोळ्यांच्या मुलखातून वाट कशी मिळाली? आणि हाइलला अडकली ती कशामुळे?

उंटवाट
खर्चाचा हिशेब तिने घरी कळवला होता. १७ उंट, सामानासकट सरासरी १३ पौंडांना एक. शिधा ५० पौंडांचा. भेटी ५० च्या: अंगरखे, डोक्याचे रुमाल, कापड. रोख ८०. उरलेले २०० नज्दच्या (मध्य अरबस्तानातल्या) एका व्यापाऱ्याकडे दमास्कसमध्येच भरले आणि हाइलवर हुंडी, म्हणजे तिथे दाखवून पैसे घ्यायची चिठ्ठी, घेतली. एकूण ६०१. लुटीच्या मुलखात सोनं बाळगण्यापेक्षा हुंडी बरी, हे खरंच. पण ती वटवणारा जागेवर लागतो.

फेब्रुवारीअखेर ती पोचली तेव्हा हाइलचा सत्ताधीश, तरुण अमीर, स्वारीवर गेला होता. मागे कारभार पाहणाऱ्या इब्राहीमने पैसे द्यायला नकार दिला. खजिना अमीराच्या आजीच्या, फातिमाच्या ताब्यात. पैशाशिवाय पुढची वाट नाही, म्हणून अकराएक दिवस नजरकैदेसारखे गेले. ६ मार्चला तिने कारभाऱ्यांना तोंडावर सुनावलं. त्याच संध्याकाळी सोन्याची थैली आणि निघायची परवानगी आली.

पाणवठा
वाटेचं उत्तर एका शब्दात: रफीक. ज्या टोळीचा मुलूख, तिचाच एक माणूस मोबदला देऊन सोबत घ्यायचा. तो असताना त्याच्या टोळीने तांड्याला हात लावला तर बट्टा त्याच्या शब्दाला लागतो. मुलूख बदलला की रफीक बदलायचा. नुसता वाटाड्या नेला तर भागत नाही. वाट माहीत असणं वेगळं, हमी देणं वेगळं. निघून आठवडाही झाला नव्हता तेव्हा दक्षिण सीरियातल्या जबल द्रूझ या डोंगराळ भागाच्या बाजूला घोडेस्वारांनी गोळ्या झाडून तिच्या माणसांची हत्यारं काढून घेतली. ओळखीचे शेख आले म्हणून हत्यारं परत मिळाली.

दुसरा अडथळा सरकारी. झीझाला (आजच्या जॉर्डनमध्ये) उस्मानी, म्हणजे तुर्की, शिपायांनी तांडा अडवला. पुढे काही झालं तर सरकार जबाबदार नाही, असं लिहून दिल्यावरच ती सुटली.

वाळूघड्याळ
आणि पाणी? नफूदचं वाळवंट तर भयंकर कोरडं.

उंटवाट
म्हणून हिवाळा. पावसानंतर उगवलेला हिरवा चारा मिळाला की उंट कित्येक दिवस पाण्यावाचून राहतो; पखाली माणसांपुरत्या लागतात. लेडी अॅन ब्लंट या इंग्रज प्रवासिनीनेही १८७९ मध्ये नवऱ्यासोबत नफूद ओलांडलं ते जानेवारीतच. बेलकडे शिवाय तीन इंची थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, होता. ताऱ्यांवरून अक्षांश घेऊन तिने वाटेतल्या विहिरी नकाशावर आणल्या. दमास्कस-मदिना हेजाझ रेल्वे आणि नफूद यांमधल्या टोळ्यांची तिने जमवलेली माहिती पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या लढाईत, ब्रिटिशांनी वापरली.