बार्सानं २५ वर्षांचे टीव्हीचे पैसे आधीच विकले म्हणजे नेमकं काय केलं?

धरमपेठचा_पेद्री

राजेहो एक डाउट आहे, हसू नका. रविवारी सकाळी फुटबॉल खेळून झाल्यावर तर्री पोहे खाता खाता आमच्यात जोरदार वाजलं. एक मित्र आहे रिअल माद्रिदवाला, तो म्हणे तुमच्या बार्सानं (बार्सिलोना क्लबनं) पुढच्या २५ वर्षांचे टीव्हीचे पैसे विकून पोट्टे आणले. मी म्हटलं कर्ज तर सगळेच क्लब घेतात, त्यात काय एवढं. तो म्हणे कर्ज नाही बे, विकले. आता विकणं अन् कर्ज यात फरक काय होते हे त्यालेही सांगता येईना अन् मलेही, पण आवाज दोघांचाही मोठा.

ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी रडत गेला, क्लबचा अध्यक्ष लापोर्ता स्वतः प्रेससमोर १३५ कोटी युरोचं कर्ज आहे म्हणून सांगत होता. अन् २०२२ च्या उन्हाळ्यात लेवांडोव्हस्की, राफिन्या, कुंदे एकामागून एक! जो पैसा अजून आलाच नाही तो विकता कसा येते, अन् घेणाऱ्याले त्यात काय भेटते? सोप्या भाषेत सांगा भाऊ, मी मेकॅनिकलवाला आहे, बॅलन्स शीट पाहिली की झोप येते.

हिशोबी_माणूस

तुझ्या घरी कोणी सरकारी नोकरीतून रिटायर झालं आहे का? माझे बाबा झाले, तेव्हा त्यांनी पेन्शन विकली. केंद्राच्या नियमात ४० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकता येते, एकरकमी पैसे हातात येतात, त्यातून आमच्या घराचा वरचा मजला झाला आणि मग दर महिन्याला पेन्शन तेवढी कापून येते. पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन परत सुरू. बार्सानं केलं ते हेच, फक्त पंधराच्या जागी पंचवीस वर्षं आणि सरकारच्या जागी सिक्स्थ स्ट्रीट नावाची अमेरिकन गुंतवणूक कंपनी.

३० जून २०२२ ला त्यांनी ला लीगाकडून (स्पेनच्या फुटबॉल लीगकडून) आपल्याला येणाऱ्या टीव्ही उत्पन्नातला १० टक्के वाटा २५ वर्षांसाठी २०.७५ कोटी युरोला दिला. तारीख बघ, ३० जून. त्यांचं आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं, म्हणजे आपल्याकडच्या ३१ मार्चची जी धावपळ असते ती. मग जुलैत आणखी १५ टक्के, एकूण झाला २५.

आता घेणाऱ्याला काय मिळतं. बार्साला लीगच्या टीव्हीचे एका सीझनला साधारण १६ कोटी युरो मिळायचे असं धर. दहा टक्के म्हणजे १.६ कोटी. पंचवीस वर्षांचे ४० कोटी. दिले किती, पावणेएकवीस. म्हणजे टीव्हीचा पैसा एक पैसा वाढला नाही तरी त्याला वर्षाला पावणेसहा ते सहा टक्के सुटतात (मी आत्ता एक्सेलमध्ये घालून पाहिलं, कॉलेजनंतर पहिल्यांदा त्या फॉर्म्युल्याचा उपयोग झाला). वाढला तर वरचा सगळा फायदा त्याचा. आणि कमी झाला तर? तर फटका पण त्याचाच, इथे विकणं आणि कर्ज वेगळं होतं. कर्जात टीव्हीचा पैसा आला नाही तरी ईएमआय भरावाच लागतो.

सदरचा_माद्रिदी

अरे तो पोह्यांवाला मित्र मीच आहे 😂 आणि मी बरोबर होतो हे आता रेकॉर्डवर आलं.

पण हिशोबी भाऊ, सहा टक्क्यांनी तर बँक पण देईल की कर्ज, मग विकायची गरज काहून पडली? वरून गंमत ऐका. २०२१ मध्ये लीगनं स्वतः सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीशी करार केला, सुमारे २०० कोटी युरो आणि बदल्यात ८ टक्क्यांच्या आसपास वाटा ५० वर्षं, तेव्हा हेच बार्सावाले म्हणाले की आमच्या पुढच्या पिढ्यांचा पैसा आम्ही असा देणार नाही. माद्रिद आणि बिलबाओ पण नाहीच म्हणाले, ते वेगळं. मग एका वर्षात ८ चे थेट २५ टक्के?

हिशोबी_माणूस

गरज काहून पडली हाच खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर बँकेत नाही, लीगच्या नियमात आहे.

ला लीगा प्रत्येक क्लबला एक मर्यादा ठरवून देते, खेळाडूंचे पगार आणि ट्रान्सफरचा वार्षिक खर्च मिळून एवढाच करायचा. ती मर्यादा ठरते क्लबच्या उत्पन्नातून बाकीचे खर्च आणि कर्जाची परतफेड वजा करून. आता तू शंभर कोटी कर्ज आणलं तर खात्यात पैसे दिसतील पण ते उत्पन्न नाही, मर्यादा एक रुपयानं वाढत नाही, उलट परतफेड वाढली. तेच मालमत्ता विकली तर नफा दिसतो आणि तेव्हा तो नफा उत्पन्नात धरला जायचा. म्हणून विकायचं. बार्साची मर्यादा मार्च २०२२ मध्ये उणे १४.४ कोटी युरो होती. उणे! त्याच सप्टेंबरात ती झाली ६५.६ कोटी. मधल्या सहा महिन्यांत क्लबनं काही तेल शोधून काढलं नव्हतं, पंचवीस वर्षांचा नफा एका उन्हाळ्यात लिहिला एवढंच.

दुसरी बाजू खर्चाची. राफिन्या साधारण ५.८ कोटी युरोला घेतला, करार पाच वर्षांचा, तर पुस्तकात त्याचा खर्च वर्षाला १.१६ कोटीच दिसतो. उत्पन्न २५ वर्षांचं आणि ते एका दमात, खर्च पाच वर्षांत थोडा थोडा. त्या उन्हाळ्यात बार्सा एवढी श्रीमंत का दिसत होती ते यात आलं. आणि ही सूज उतरते पण, सप्टेंबर २०२३ ला मर्यादा परत २७ कोटींवर आली.

युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, मात्र हे मानलं नाही. असा नफा आमच्या नियमात उत्पन्न म्हणून चालत नाही म्हणाले आणि २०२३ मध्ये ५ लाख युरो दंड लावला. क्लब क्रीडा लवादाकडे गेला, तिथेही हरला.

काटोलकर

मी फुटबॉल फक्त वर्ल्ड कपच्या वेळी पाहतो पण हा धंदा मले चांगला समजते, आमची दोन एकर संत्रा आहे.

आमच्याकडे आंब्या बहाराची फळं लिंबाएवढी झाली की व्यापारी बगीचा पाहायला येते. झाडाखालून फिरते, वर पाहते, चार फांद्या हलवते, अन् एक आकडा बोलते. पटला तर सौदा. इसार देते, बाकीचे पैसे तोडणीच्या वेळी. आता तोडणी दिवाळीच्या आसपास अन् आपल्याले पैसा लागते जुलैत, खताले, फवारणीले, पोराच्या फीले, म्हणून शेतकरी पडत्या भावात देते. तुमचा क्लब वेगळं काय करून राहिला? फरक इतकाच की आम्ही एक बहार विकतो. यांनी झाडंच पंचवीस वर्षांसाठी लावून देल्ली. संत्र्याचं झाड पंचवीस वर्षांनी कसं दिसते ते येऊन पाहून जा एकदा.

अन् वर कोणीतरी म्हटलं की कमी आलं तर फटका घेणाऱ्याचा. कागदावर हाव. तीन वर्षांपूर्वी आमचा बगीचा गेला होता, इसार भेटला, ऑगस्टमध्ये पाऊस थांबेचना अन् गळती लागली, सकाळी गेलं की झाडाखाली पिवळा सडा. व्यापारी एकदा आला, बांधावरूनच पाहिलं, गाडीतून उतरला पण नाही. त्यानंतर फोनच उचलला नाही. उरलेला माल आम्ही स्वतः कळमन्याले नेला अन् गाडीभाडं सुटलं फक्त. तर विकलं विकलं म्हणता, पण पैसा पूर्ण हातात आला का हे आधी विचारा.

हिशोबी_माणूस

काटोलकर दादा, तुम्ही न पाहता बरोबर जागी बोट ठेवलं.

टीव्हीचा वाटा विकून पण पुरलं नाही म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी बार्सा स्टुडिओज नावाच्या आपल्या कंपनीचे २४.५ टक्क्यांचे दोन वाटे विकले, प्रत्येकी १० कोटी युरोला. त्यातला दुसरा वाटा कधी विकला, तर सीझनच्या पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्टला, कारण तोवर नवीन खेळाडूंची नोंदणीच होत नव्हती. लेवांडोव्हस्कीला विकत घेऊन प्रेक्षकांत बसवायची वेळ आली असती. कुंदेची नोंदणी तरी पहिल्या मॅचला राहिलीच.

आणि ते वीस कोटी? इसार आला, पुढचे हप्ते अडकले. दुसरा गुंतवणूकदार आणला, त्याचे पण पैसे वेळेवर आले नाहीत. शेवटी त्या कंपनीची पुस्तकातली किंमत खाली आणावी लागली आणि २०२३-२४ ला क्लबनं ९.१ कोटी युरो तोटा दाखवला. सिक्स्थ स्ट्रीट पक्की पार्टी होती, हे दुसरे बांधावरून पाहणारे निघाले.

धरमपेठचा_पेद्री

माद्रिद्या तू लय उड्या मारू नको, मी आत्ताच वाचलं, तुमच्या क्लबनं पण मे २०२२ मध्ये याच सिक्स्थ स्ट्रीटकडून ३६ कोटी युरो घेतले, बर्नाबेऊ स्टेडियमच्या कमाईतला वाटा २० वर्षं देऊन. हे काहून नाही सांगितलं पोहे खाताना?

सदरचा_माद्रिदी

विषय टीव्हीचा होता म्हणून 😌 आणि आम्ही नव्या स्टेडियमच्या कमाईतला दिला, त्या पैशानं पगार मर्यादा नाही फुगवली. बाकी तुम्ही २०२२-२३ ला लीग जिंकली हे मान्य, पण त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमधूनच बाहेर पडून गुरुवारी होणाऱ्या दुय्यम युरोपा लीगमध्ये गेलात. पंचवीस वर्षं विकून गुरुवारच्या मॅचेस.

मोतीबाग_लेफ्टबॅक

मध्ये बोलतो. एवढं मोठं न करता हेच इंग्लंडमध्ये कित्येक क्लब लहान प्रमाणात करतात, लेस्टर वगैरेंनी प्रीमियर लीगकडून येणारे टीव्हीचे पैसे तारण ठेवून मॅक्वेरी बँकेकडून आधीच उचल घेतली होती. ते काटोलकर दादांचं एक बहारवालं. व्याज जातं पण एका-दोन सीझनमध्ये मोकळे. भीती एकच, रेलीगेट झालात, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलले गेलात, तर टीव्हीचा पैसा धाडकन खाली.

जुन्या लोकांना लीड्स आठवत असेल. २००१ ला चॅम्पियन्स लीगच्या सेमीला गेले, त्याच वर्षी पुढच्या तिकीट विक्रीवर ६ कोटी पौंड उचलले, २५ वर्षांत फेडायचे. पुढच्या सीझनला चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळाली नाही, रिओ फर्डिनांड मँचेस्टर युनायटेडला विकावा लागला, २००४ ला खालच्या लीगमध्ये गेले आणि स्वतःचं ग्राउंड पण विकलं. बार्सा काही रेलीगेट होणार नाही म्हणा, म्हणूनच त्यांना असा गिऱ्हाईक मिळतो. आपल्या नागपूरच्या क्लबला पुढच्या वर्षीच्या जर्सीला स्पॉन्सर मिळाला तरी आम्ही पार्टी करतो.

धरमपेठचा_पेद्री

समजलं राजेहो. म्हणजे कर्ज नव्हतं, पण आमच्या पोरांचे पैसे मी आज पोहे खाऊन उडवले असं काहीतरी आहे. पुढच्या रविवारी पोहे माझ्याकडून, माद्रिद्याने तर्री वेगळी मागू नये.

काटोलकर दादा, संत्रा निघाला की एक पेटी पाठवाल का? पैसे पोचल्यावर देतो.

काटोलकर

पाठवतो. पण पूर्ण पैसे आधी टाक, इसार चालणार नाही.