अनुभव धागा: बोलणी करायला गेलात आणि ऐकत बसलात, असं कधी झालंय?

सेक्रेटरी_नाइलाजाने

सुरुवात माझ्यापासून. आमची सोसायटी कोथरूडची, चोवीस बिऱ्हाडांची, लिफ्ट नसलेली. पुनर्विकासाची बोलणी दीड वर्ष चालली, त्यातले आठ महिने तळमजल्यावरच्या एका काकांपाशी अडले. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती लागते, ती आमच्याकडे होती. पण बिल्डर म्हणाला, "एक माणूस कोर्टात गेला तरी वर्ष जातं. तुमचं तुम्ही मिटवा."

मिटवायला गेलो म्हणजे काय, तर बोलायला गेलो. कार्पेट (घराच्या आतलं वापराचं क्षेत्रफळ) किती वाढतो, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती रक्कम) किती, पार्किंग कुठे. अशा चार मीटिंगा. काका दर वेळी एकच विचारायचे, "तीन वर्षं म्हणजे माझ्या वयात किती, ते सांगा." लोक हसायचे, पुणेरी टोमणा म्हणून सोडून द्यायचे. मी इतिवृत्तात लिहायचो, 'यांनी विरोध केला.'

एकदा तीच वही चाळताना लक्षात आलं, हा माणूस 'नको' असं एकदाही म्हणालेला नाही. विरोध हा शब्द माझा होता.

संध्याकाळी फाइल न घेता गेलो. "काका, ते तीन वर्षांचं तुम्ही विचारता ना, ते मला नीट कळलेलं नाही," एवढंच म्हणालो. पुढची चाळीस मिनिटं मी फक्त चहा प्यायलो. काकूंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, जिना चढवत नाही. भाड्याचं घर तळमजल्यावर मिळेल का? बिल्डरचं भाडं मध्येच थांबलं तर या वयात घरमालकाच्या तोंडी कोण लागणार? आणि मग खिडकीकडे बघत, "ही गेली तर परक्या घरातून न्यायची का?"

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, दिलंही नाही. थोड्या वेळाने बाकीचं परत म्हणून दाखवलं. "म्हणजे नवीन घर केवढं, हा तुमचा प्रश्नच नाही. मधली तीन वर्षं कशी काढायची, हा आहे. बरोबर?" काका म्हणाले, "आठ महिने लागले का रे एवढं कळायला?"

त्याच गल्लीत तळमजल्याचं घर बिल्डरने शोधून द्यायचं आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यायचे, हे करारात घातलं. काकांनी सही केली. (त्याआधी माळ्यावरून अर्धा तास घासाघीस केली, तो भाग वेगळा.)

तुमचे अनुभव लिहा. फसलेले जास्त आवडतील.

सासवडी

आमचे अंजीर. मीठा बहार, म्हणजे अंजिराचा उन्हाळी हंगाम, उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होतो आणि फळ झाडावरून उतरलं की घड्याळ सुरू. दुसऱ्या दिवशी त्याचा भाव निम्मा. मार्केट यार्डात पाठवण्याऐवजी थेट पुण्यातल्या एका फळवाल्याला द्यायचं ठरवून गेलो. मी किलोमागे दहा रुपये वाढवून मागत होतो, तो ढिम्म. बोलता बोलता दोनदा म्हणाला, "तुम्हा लोकांचा माल येतो तेव्हा माझं सकाळचं गिऱ्हाईक घरी गेलेलं असतं." मला वाटलं, भाव पाडायला कुरकुर करतोय. परत निघालो, गाडीला किक मारली आणि थांबलो. आत जाऊन विचारलं, "तुमचं सकाळचं गिऱ्हाईक किती वाजता?" म्हणाला, फिरून येणारी माणसं, साडेसहा-सात. पहाटे साडेपाचला क्रेट दारात ठेवीन म्हटलं. दहा नाही, आठ वाढवून मिळाले. झोप गेली, ती अजून परत आलेली नाही.

नोटीस_पिरियड_९०

हे सगळं छान, पण ऐकून घेणारा समोर असेल तर सांभाळा. हिंजवडीतल्या एका कंपनीत पगाराची बोलणी. एचआरच्या बाई इतक्या मन लावून ऐकत होत्या की मला भरून आलं. मी आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "बरं." आणि गप्प. पाच सेकंद असतील, मला पाच मिनिटं वाटली. मग मीच बोलू लागलो: म्हणजे अगदी तेवढाच असं नाही, थोडं इकडेतिकडे चालेल, दुसरी ऑफर आहे पण ती लांब पडते... सगळं ओकलो. त्यांनी माझंच वाक्य मला परत केलं, "म्हणजे घराजवळ असणं तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे, असं समजू?" मी चक्क "हो" म्हणालो! दीड लाखाची मान हलवली.

लक्ष्मी_रोड

तुळशीबागेत आम्ही लहानपणापासून हेच करतो. भाव विचारायचा, पुढे चालू लागायचं आणि मागून हाक किती पावलांनी येते ते ऐकायचं. तिसऱ्या पावलाला आली तर अजून बरंच सुटतं. आलीच नाही तर भाव खरा होता, मुकाट्याने परत फिरायचं.

निवृत्त_समुपदेशक

कुटुंब न्यायालयात बरीच वर्षं समुपदेशन केलं. १९८४ च्या कायद्यातच आहे की आधी समेटाचा प्रयत्न करायचा, त्यामुळे ऐकणं हीच नोकरी. 'सक्रिय श्रवण' हा शब्द कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांच्या १९५७ च्या पुस्तिकेतला. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा, त्यामागची भावना ओळखा, सल्ला देण्याची घाई करू नका. पहिल्या वर्षी मी हे पोपटासारखं केलं. दर वाक्याला "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का..." शेवटी एक बाई म्हणाल्या, "साहेब, मी आत्ता मराठीतच बोलले."

एक प्रकरण तपशील बदलून सांगतो. पैशांचं जमलं, मुलाचं जमलं, आणि तांब्याच्या बंबावर सगळं अडलं. दोन्ही वकील त्याची किंमत काढून बसले. बाईंना विचारलं, बंब आला तर ठेवणार कुठे? म्हणाल्या, "वन रूम किचन आहे हो, ठेवते कुठे! पण ते भंगारात घालतील." बंब त्यांच्या आजीचा. नवऱ्याला हे माहीतच नव्हतं, त्याला वाटत होतं ही जिरवायला मागतेय. तो म्हणाला, मामाकडे पोचवून देतो. किंमत कोणी विचारली नाही.

नोटीस पिरियडवाले, तुमच्याशी झालं ते मी ऐकणं म्हणणार नाही. विहिरीत पोहरा टाकणं म्हणेन. पण पद्धत तीच असते, हेही खरं.

औंधची

@समुपदेशक, बंब डोळ्यांसमोर आला.

माझं छोटंसं. कामाच्या मावशींनी पगारवाढ मागितली. हा धागा वाचला होताच, म्हटलं नीट ऐकू, बहुतेक खरी अडचण वेगळीच निघेल. बसवलं, चहा दिला. निघालीच वेगळी: गुरुवारी नातीला शाळेतून आणायला कोणी नाही, त्या दिवशी लवकर जायचंय. मी खूश. म्हटलं, मग गुरुवारी अकरालाच निघत जा, मिटलं ना? मावशी म्हणाल्या, "ते झालं. आता पगाराचं बोला."

तीनशे वाढवते म्हणाले. मावशींनी ऐकून घेतलं आणि कपबशी हातात धरून गप्प उभ्या राहिल्या.

पाचशे झाले.