खबऱ्याची नोंद खात्यात असावी की नसावी?

गंगाघाट_नाशिक
पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: 'गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाल्याने सापळा रचून...' पुढे मुद्देमालाची किंमत आणि पथकातल्या प्रत्येक अंमलदाराचं नाव. बातमीदाराचं नाव येत नाही, ते बरोबरच आहे. पण त्याचं पुढे काय झालं, हे खात्यात तरी कोणाला विचारता येतं का?

आमच्या सिडकोतला एक मुलगा गांजासह सापडला. नुकताच कॉलेज सोडलेला, व्यसन सोडवण्याचे उपचार चालू. 'केस करत नाही, माल कुठून येतो ते सांगत जा' असं ठरलं. म्हणजे ज्या टोळक्यातून घरच्यांनी त्याला बाहेर काढलं, तिथेच त्याला परत बसावं लागलं. पुढे एका अंमलदाराने वर्दीवर, भरदिवसा, त्याला चहाच्या टपरीवर नावाने हाक मारून बाजूला घेतलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. त्याला मारहाण झाली आणि घरच्यांनी त्याला गावी धाडलं. कागदावर तो कुठेच नाही, त्यामुळे जबाबदारीही कुणाची नाही.

माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक खबऱ्याची सांकेतिक क्रमांकाने नोंद वरिष्ठांकडे असावी, भेटीला दोन पोलीस असावेत आणि अल्पवयीन किंवा उपचार घेणाऱ्या कुणालाही या कामाला लावू नये.

डीबी_निवृत्त
भाऊ, त्या पोराचं वाईट झालं. वर्दीवर खबऱ्याला हाक मारणाऱ्याला डीबीत, म्हणजे गुन्हे शोध पथकात, ठेवूच नये. पण तुमचा उपाय खबऱ्याला मारेल. कागद फुटतो. रजिस्टर आलं की ते सांभाळणारा कारकून आला, कपाटाची किल्ली आली, नवे साहेब आले. भद्रकालीसारख्या दाट वस्तीत कोण कुणाचा मेहुणा लागतो, सांगता येत नाही.

शिवाय खबऱ्या बातमी खात्याला देत नाही, माणसाला देतो. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला आम्ही खिशातून पैसे दिलेत. गुप्त निधी असतो, पण आमच्यापर्यंत क्वचितच झिरपायचा. या विश्वासाची पावती कशी फाडणार?

वकील_सीबीएस
काका, नोंद ठेवणं वेगळं आणि नाव उघड करणं वेगळं. गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगायला पोलिसाला भाग पाडता येत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 125 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 131 आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात तर कलम 42 खाली मिळालेली बातमी लिहून वरिष्ठांना कळवावीच लागते. बातमी कागदावर येतेच, माणूस तेवढा येत नाही.

आणि कलम 131 चं हे संरक्षण अधिकाऱ्याला आहे, खबऱ्याला नाही. 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना साक्षीदारासाठी आहे. कोर्टात कधीच न येणाऱ्या खबऱ्याला त्यात बसवणं अवघड आहे.

ब्रिटनमध्ये 2000 च्या कायद्याने खबऱ्याशी रोज बोलणारा, त्याच्या सुरक्षिततेची काळजी घेणारा अधिकारी वेगळा आणि त्यावर देखरेख करणारा वेगळा. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 2008 साली पोलिसांनी अमली पदार्थांच्या केसमधल्या 23 वर्षांच्या मुलीला माल आणि पिस्तूल विकत घ्यायला पाठवलं. तिचा खून झाला. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला: खबऱ्या होण्याआधी वकिलाचा सल्ला मागितला तर तो घेऊ द्यायचा. सिडकोतल्या पोराला हे कुणी विचारलं?

आई_नाशिकरोड
मला दुसरी बाजू मांडायची आहे. शिंदे गावातला एमडी या अमली पदार्थाचा कारखाना 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी येऊन उघडकीस आणला. आमच्या घरापासून तो किती जवळ! आजूबाजूच्या एखाद्याने वेळेवर तोंड उघडलं असतं तर किती पोरं वाचली असती. तुम्ही सह्या, वकील, दोन-दोन अधिकारी म्हणता. एवढ्या सोपस्कारांतून कोण जाईल? आधीच लोक चौकीची पायरी चढत नाहीत.

गंगाघाट_नाशिक
ताई, तुमची भीती खरी आहे. पण टपरीवरचा तो प्रकार ज्यांनी पाहिला, त्यातला एकही जण आता पोलिसांना काही सांगणार नाही. आमच्या गल्लीपुरती बातमी बंद झाली ती नोंद नसल्यामुळेच.

डीबी_निवृत्त
वकीलसाहेब, परदेशातलं सांगताय तर बॉस्टनचा गुंड बल्जर, त्याचंही सांगा. अमेरिकेच्या एफबीआयकडे खबऱ्या म्हणून त्याची फाईल होती ना? काय उपयोग झाला?

वकील_सीबीएस
फाईल होती, पण त्याला सांभाळणारा एजंट कॉनोलीच त्याला फितूर होता. अटक होणार ही बातमीही त्यानेच पोचवली आणि बल्जर 16 वर्षं फरार राहिला. म्हणून तर दुसरा अधिकारी हवा. कागद आणि खबऱ्या दोन्ही एकाच माणसाच्या हातात नकोत.

डीबी_निवृत्त
क्रमांकाची नोंद, तीही लिफाफ्यात, फक्त उपायुक्तांकडे, एवढं मी मान्य करतो. उपचार घेणाऱ्या पोरांना हात लावायचा नाही, हेही मान्य. आमच्या वेळी जुने हवालदार नशेकऱ्याच्या बातमीवर छापा टाकायचेच नाहीत, कारण तो पुडीसाठी कुणाचंही नाव घेतो.

पण भेटीला दुसरा माणूस नाही. अंबडच्या कंपनीत रात्रपाळी करणारा हेल्पर माझ्याशी बोलायचा, तो मी एकटा असायचो म्हणून. दुसरा चेहरा दिसला की तो सायकल न थांबवता पुढे जायचा.

गंगाघाट_नाशिक
काका, मग तुमची बदली झाल्यावर त्या हेल्परने कुणाला फोन करायचा?

डीबी_निवृत्त
मलाच करायचा, आणि मी उचलायचो. सगळे उचलत नाहीत, हे खरं आहे. तेवढ्यासाठी बदलीच्या वेळी, खबऱ्याला विचारून, एका माणसाशी गाठ घालून द्यावी. पण ती व्यक्ती खबऱ्याने निवडलेली असावी, साहेबांनी नेमलेली नाही. या अटीवरून मी हटणार नाही.