अनुभव धागा: स्वतःवरच हसणारी पोलिसांची जोडी

इंदूरकर मंडळी, दोन पोलिसांच्या जोडीचे विनोदी सिनेमे, त्यातही आपल्याच जातकुळीची टर उडवणारे, तुम्हाला का आवडतात? कुणाबरोबर पाहिलेत तेही लिहा.

सुरुवात मी करते. बाबा पोलीस ठाण्यात हेड मोहर्रिर, म्हणजे मुख्य लेखनिक होते. निम्मी नोकरी रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही लिहिण्यात गेली. टीव्हीवर इन्स्पेक्टर गोळ्या झाडून रुबाबात निघून गेला की ते उठायचेच. "आता याची लिखापढी कोण करणार?" निवृत्तीनंतर रामबागेतल्या घरी त्यांना 'हॉट फझ' (२००७) दाखवला. लंडनचा कर्तबगार पोलीस, त्याच्यापुढे बाकीचे फिके पडतात म्हणून त्याची खेड्यात बदली. बाबा सरसावून बसले. पुढे साधे कागद भरायचे प्रसंग दिग्दर्शक एडगर राइटने गोळीबारासारखे धडाधड कापलेत. बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, मग म्हणाले, "कुणीतरी दाखवलं एकदाचं." जास्त काम केल्याबद्दल त्यांचीही एकदा बदली झाली होती, हे मला त्या रात्री कळलं.

आणि हा सिनेमा नुसती चेष्टा करून थांबत नाही. हवेत उडी मारत दोन्ही हातांनी पिस्तुलं झाडलीयत का, असं खेड्यातला पोलीस डॅनी आपल्या या लंडनच्या जोडीदाराला भाबडेपणाने विचारतो. शेवटी ते खरंच घडतं, तेव्हा बाबांनी टाळी वाजवली! ज्याची टर उडवायची त्यावर इतकं प्रेम लागतं.

लोकमान्य नगरहून: दादा नोकरीसाठी पुण्याला जायच्या आदल्या रात्री आम्ही सराफ्यातून भुट्ट्याचा कीस खाऊन आलो आणि '२२ जम्प स्ट्रीट' (२०१४) लावला. मागच्या वेळचंच पुन्हा करा, असं त्यात वरिष्ठच पोलिसांच्या जोडीला बजावतात. दुसऱ्या भागाची लबाडी सिनेमानेच कबूल केली, म्हणून त्या दोघांची ताटातूट मला खरी वाटली. शेवटच्या श्रेयनामावलीत पुढच्या काल्पनिक भागांची रांगच लागते. दादाने ती तीनदा मागे नेऊन पाहिली. झोपायला कुणीच उठेना.

सुदामा नगरहून: मी लेखापरीक्षक. 'द अदर गाइज' (२०१०) मध्ये दोन शूर पोलीस इमारतीवरून बेधडक उडी घेतात आणि सरळ मरतात. मग गोष्ट टेबलावर हिशेब तपासणाऱ्या पोलिसाकडे येते. आमच्या कामाला सिनेमात जागा मिळालेली मी पहिल्यांदा पाहिली. ताई, तुमच्या बाबांना हाही दाखवा.