नदीकाठच्या पाणंदी, फ्रान्समधल्या (अनुभव धागा)

मुरूमवाट:
काल ग्रॅव्हल बाइक (कच्च्या वाटांवर चालणारी सायकल) धुवायला काढली. फ्रेमबॅग उलटी करून झटकली तर अंगणात चिमूटभर पांढरी माती पडली. आमच्याकडची माती काळी नाहीतर तांबडी, पांढरी नाहीच. मग लक्षात आलं, ही लुआरकाठची. २०२३ च्या सप्टेंबरात गेलो होतो. बॅगेनं त्यानंतर इथले पावसाळे पाहिले, तरी शिवणीत ती तशीच बसली होती. हात धुवायचं राहिलं आणि पायरीवरच बसलो थोडा वेळ.

ऑर्लेआंपासून सोम्यूरपर्यंत सहा दिवस. लुआर नदीकाठचा सायकलमार्ग नऊशे किलोमीटरचा आहे, पाट्या चोख, चुकायची सोयच नाही. पण बराचसा डांबरी. मी रोज सकाळी तो धरायचो आणि दहाच्या सुमारास सोडायचो. नकाशावर तुटक रेघ दिसली की आत. आपल्याकडे पाणंद म्हणतो ना, अगदी तीच. मधे गवताची पट्टी, दोन बाजूंना ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, एका अंगाला मका, दुसऱ्या अंगाला ओळीत लावलेले पॉप्लर. चाळीस मिमीचे टायर, हवा जरा कमी, आणि तासन्‌तास माणूस नाही. पॉप्लरची पानं वाऱ्यावर वाजतात तो आवाज मला पावसाचा वाटायचा, दरवेळी मान वर करून बघायचो.

वारा मात्र समोरून. समुद्राकडून येतो आणि मी समुद्राकडे चाललेलो. जाणाऱ्यांनी उलट दिशेनं जावं, पश्चिमेकडून पूर्वेला.

सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं. दुपारचे दोन, दोन्ही बाटल्या रिकाम्या. गाव लागलं. सगळ्या खिडक्यांच्या लाकडी झडपा बंद, बेकरी बंद, हॉटेल नाहीच. एक म्हातारी बाई कुंपणाशी उभी होती, तिला बाटली उलटी करून दाखवली. तिनं चर्चच्या पलीकडे बोट केलं. गेलो तर दफनभूमी. फाटकाच्या आत नळ, शेजारी खुंटीला हिरव्या झाऱ्या टांगलेल्या. मी पाच मिनिटं नुसता उभा. स्मशानातलं पाणी प्यायचं? लहानपणापासून तिथून आलं की अंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल नाही. शेवटी प्यायलो. गार, गोड पाणी. निघताना एका थडग्यावरची कुंडी सुकलेली दिसली, झारी भरून तिला पाणी घातलं. कुणाचं होतं ते वाचता आलं नाही, दगड झिजलेला.

तुमच्यापैकी कोण कोण गेलंय तिकडे? लुआरच असं नाही, कुठलीही नदी, कालवा, शेतवाट. लिहा.

बाभूळकाटा:
दफनभूमीतला नळ!! तिकडच्या सायकलवाल्यांची जगजाहीर युक्ती आहे ती. मी फ्रान्समधल्याच सोन नदीच्या बाजूला होतो तेव्हा रोज तिथेच भरायचो. फक्त पाटी वाचायची, "नों पोताब्ल" लिहिलं असेल तर नाही प्यायचं. पाटी नसेल तरी गावात एकदा विचारून घ्यावं.
आईला अजून सांगितलेलं नाही.

आजी_ऑन_व्हील्स:
सांगून टाक रे. पाणी ते पाणी.

तुलूजकर:
इकडे विमानाच्या कामासाठी आलेले बरेच मराठी आहेत, आणि बहुतेकांची पहिली सायकल सहल कॅनाल दु मिदीचीच. २४० किमीचा कालवा, १६६६ ला खोदायला घेतला, १६८१ ला पूर्ण. तुलूजहून निघालं की पहिले पन्नास किमी गुळगुळीत डांबर, लहान मुलंसुद्धा जातात. पुढे जिल्हा बदलला आणि डांबर संपलं. आम्ही गेलो तेव्हा तिथून कच्ची वाट होती, आणि झाडांच्या मुळ्या. खरी ग्रॅव्हल तिथून.

वाटेत नोरूझ नावाची जागा आहे, तिथे थांबाच. डोंगरातून चरानं आणलेलं पाणी तिथे येऊन दोन्हीकडे वाटलं जातं, अर्धं अटलांटिककडे, अर्धं भूमध्य समुद्राकडे. फार काही दिसत नाही. शांत पाणी आणि झाडं. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणाला तरी हे सुचलं आणि कालव्यात बारमाही पाणी राहिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

एक वाईट वाटलेली गोष्ट. काठाला बेचाळीस हजारांच्या आसपास प्लेन वृक्ष होते. २००६ पासून त्यांना बुरशीचा रोग लागलाय, इलाज नाही, तोडावेच लागतात. सावलीतून जाता जाता अचानक उघडं ऊन लागतं आणि काठानं नुसते बुंधे. नवी झाडं लावताहेत, त्यांची सावली आमच्या मुलांना मिळेल.

आजी_ऑन_व्हील्स:
माझा मुलगाही तिकडेच. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी भाड्याची बॅटरीवाली सायकल घेऊन कास्तेलनोदारी ते कार्कासोन केलं, दोन दिवसांत. मुळ्यांवरून जाताना कंबर बोलते पण मन मानत नाही. कास्तेलनोदारीला पांढऱ्या घेवड्याचा तो प्रसिद्ध पदार्थ, त्यात बदक आणि सॉसेज घालतात. मी शाकाहारी. सुनेनं हॉटेलात विचारलं नुसता घेवडा मिळेल का, तर ते बिचारे गोंधळले. मग पाव, चीज, टोमॅटो. कालव्याच्या लॉकवर (पाण्याची पातळी बदलायचे दरवाजे असतात तिथे) बसून खाल्लं. होड्या वरखाली होताना बघत दीड तास गेला, मुलगा चल चल करत होता.
तुलूजकर, तुम्ही कुठल्या भागात? निरोप करा.

तुलूजकर:
करतो काकू. गणपतीत भेटलो असू बहुतेक.

ब्रेव्हे२००:
माझं ग्रॅव्हल नाही, तरी लिहितो. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, २०१९. बाराशे किमीची सायकलस्वारी, मुदत नव्वद तास. पुण्यामुंबईची बरीच मंडळी होती. रात्री अडीचला एका गावात घरासमोर टेबल, कॉफी, केक, आणि शाळकरी पोरं जागी. पैसे घेत नाहीत. एका बाईनं हातात वही दिली, नाव-गाव लिहा म्हणाली. मी मराठीत लिहिलं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवून बघितलं.
झोप इतकी अनावर होती की पुढचे चाळीस किमी आठवत नाहीत. ती वही आठवते.

बाभूळकाटा:
ब्रेव्हे, २०२७ ला परत आहे ना? येणार का

ब्रेव्हे२००:
गुडघा काय म्हणतो त्यावर

सांगलीवाला:
मुरूमवाट, तुम्ही नदीकाठच्या भिंतींवरच्या रेघा बघितल्या का? मी बघितल्या. माझा सगळा प्रवास त्यावरच अडकला.

२०२२ च्या जून महिन्यात ब्लुआच्या आसपास होतो. एका घराच्या कोपऱ्याला दगडात कोरलेली रेघ, बाजूला १८५६. माझ्या डोक्याच्या वर. थोडी खाली दुसरी, १८६६. एका ठिकाणी १८४६ पण. वीस वर्षांत तीन महापूर. नदीच्या कडेनं जो उंच बांध आहे, ज्यावरून आपण सायकल चालवतो, तो शेकडो वर्षं वाढवत वाढवत नेलाय, आणि १८५६ ला तोच ठिकठिकाणी फुटला. फुटलेला बांध म्हणजे काय ते आम्हाला सांगायला नको.

२०१९ च्या ऑगस्टमधे आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी. वडिलांना बोटीतून काढलं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती, हे दर तासाला विचारणारे आम्ही. पाणी उतरल्यावर वडिलांनी पहिलं काम केलं ते म्हणजे भिंतीवर खिळ्यानं रेघ मारली, खाली तारीख. आई चिडली होती, घर रंगवायचंय आणि तुम्ही काय करताय. त्या फ्रेंच भिंतीपुढे उभा होतो तेव्हा वडील जाऊन दीड वर्ष झालेलं. हात लावला रेघेला. मित्र पुढे गेला होता, तो परत आला शोधत.

घर दोनदा रंगवलंय त्यानंतर. ती रेघ सोडून.

मुरूमवाट:
सांगलीवाला, काय लिहू. रेघा पाहिल्या होत्या, फोटो काढून पुढे गेलो होतो. आता ते फोटो परत उघडले.

आजी_ऑन_व्हील्स:
आईला नमस्कार सांग बाळा.

वाळूचं_घर:
सांगलीवाल्यांनी पुराचं लिहिलं, मी उलट पाहिलं. त्याच वर्षी, २०२२, पण ऑगस्ट. आंजेच्या खाली. नदी नव्हतीच, नुसती वाळू, मधून ओहोळ. लोक पायी पलीकडे जात होते. एरवी तिथे पोहायलाही बंदी असते, वाळू पायाखालून सरकते म्हणून. बेटांवर कुररी पक्षी अंडी घालतात उघड्या वाळूवर, त्यामुळे उन्हाळ्यात तिकडे जाऊ नका अशा पाट्या असतात. शेतांत मात्र मक्यावर पाण्याचे मोठे फवारे चालू, त्यातला एक रस्त्यावर यायचा. मी तीनदा त्याच्याखालून गेले. चाळिशीतली बाई, एकटी, ओरडत.

विदर्भातला:
राजेहो, काट्यांचं कोणी लिहीना! ऑक्टोबरात कुंपणं छाटतात तिकडं, रानमनुक्यासारखं एक काटेरी झुडूप हाय, त्याचे तुकडे वाटंवर पडून राहतात. एका दिवसात चार पंक्चर. बाभूळ बरी म्हणायची. मी ट्यूब घालून गेलतो. ट्यूबलेस करा अन सीलंट (भोक बुजवणारं पातळ रसायन) भरा, एवढंच सांगतो.
अन रविवारी सोलोन्यच्या जंगलात जाऊ नका. शिकारीचा हंगाम असते. बंदुकीचा आवाज आला, मंग नारंगी जाकीटवाला एक बाप्या आला, मला बी एक नारंगी जाकीट देल्लं, वाट दाखवली. जाकीट परत घ्यायला थांबलाच नाही. घरी हाय अजून.

बाभूळकाटा:
माझं नाव काढलं म्हणून आलो 😄 ते झुडूप म्हणजे ब्लॅकथॉर्न. काटा मोडून आत राहिला तर नवी ट्यूब पण जाते, टायर आतून बोटानं चाचपून बघायचा.

पावसाचं पण लिहा कुणीतरी. ती चुनखडीची पांढरी वाट कोरडी असते तोवर स्वर्ग. एक सर आली की चिकणमाती. चाक आणि फोर्कमधे भरते, सायकल ढकलतासुद्धा येत नाही. मी काडीनं उकरत तासभर बसलो होतो, शेजारच्या कुरणातल्या पांढऱ्या शारोले गाई ओळीत उभ्या राहून बघत होत्या. मऊ नजरेनं. बरं वाटलं तेव्हा.

वाचनमात्र:
बरीच वर्षं नुसती वाचते, पहिल्यांदा लिहितेय. मेमधे मी आणि बहीण जातोय, सोम्यूर ते ऑर्लेआं (वाऱ्याचं वाचून आत्ताच दिशा बदलली, धन्यवाद). दोघी शाकाहारी. खाण्याचं काय करायचं?

मुरूमवाट:
या की! सोम्यूरकडून निघालात तर काँद-सँ-मार्तांला चर्चच्या मागून चढण आहे, सायकल हातात धरून चढा. व्हिएन नदी लुआरला मिळते ते वरून दिसतं. दोन पाण्यांचे रंग वेगळे, बराच वेळ शेजारून वाहतात. मला तिथे आमचा नीरा-भीमेचा संगम आठवला होता. त्या पट्ट्यातच मऊ पांढऱ्या दगडाच्या कड्यात कोरलेली घरं आणि वर द्राक्षमळ्यांतल्या वाटा. माझ्या बॅगेतली माती तिथलीच.
खाणं: सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद असतात, रविवारी दुपारनंतर सगळंच. शनिवारी भरून ठेवा. काही गावांत पावाचं मशीन असतं, नाणं टाकलं की बगेत (तो लांब पाव) बाहेर येतो.

आजी_ऑन_व्हील्स:
दशम्या कर बाळ. तीन दिवस सहज टिकतात. शेंगदाण्याची चटणी कोरडी, घट्ट झाकणाच्या डब्यात.

वाचनमात्र:
काकू, कणीक दुधातच भिजवायची ना? थोडं पाणी चालेल?

आजी_ऑन_व्हील्स:
पाण्याचा थेंब नको. दुधातच. गूळ घालणार असशील तर त्याच दुधात विरघळवून घे आणि तेल जरा सढळ घाल. गार झाल्याशिवाय बांधू नकोस.