फ्रीझरमध्ये बर्फ जमतो, पण खालचा कप्पा थंड होत नाही: गॅस संपला असेल का?

नागपूरकर:
आमच्याकडे दोन दरवाजांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज असून तो सुमारे आठ वर्षे विनातक्रार चालला. अलीकडे मात्र वर फ्रीझरमध्ये बर्फ नीट जमतो आणि खालच्या कप्प्यात रात्री ठेवलेले दूध सकाळी तापवताना नासते. कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड चालू असतो. फ्रीझरच्या मागून पंख्याचे पाते कशाला तरी घासल्यासारखी खरखर येते आणि वरचे दार उघडताच ती थांबते. घरी आलेल्या मेकॅनिकने मागच्या बाजूला हात लावून पाहिला आणि गॅस भरावा लागेल असे सांगितले. ऐन मे महिन्यात फ्रीजशिवाय भागणार नाही, त्यामुळे खर्चाला ना नाही. परंतु गॅस संपला असता तर वर बर्फ तरी कसा जमला असता, हे उमगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना कारागीर:
आपली शंका रास्त आहे. या प्रकारच्या बहुतेक फ्रीजमध्ये थंडावा निर्माण करणारी कॉइल एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड बसवलेली असते. खालच्या कप्प्याला स्वतःची कॉइल नसते. पंखा जी गार हवा मार्गिकेतून खाली ढकलतो, तिच्यावरच तो थंड राहतो. हवेतील बाष्प कॉइलवर हिम होऊन साचते, म्हणून ठरावीक तासांनी टायमर किंवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड कॉम्प्रेसर थांबवून कॉइलखालचा हीटर चालू करतो आणि वितळलेले पाणी नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरून तिथल्या उष्णतेने उडून जाते. ही साखळी कुठेही तुटली की हिमाचा घट्ट थर होतो, हवा अडते आणि झळ आधी खालच्या कप्प्याला लागते. पंख्याची खरखर बहुधा त्या बर्फाचीच असावी. दाराच्या स्विचने पंखा बंद होतो, म्हणून ती थांबते.

गॅसला हात लावण्यापूर्वी फ्रीज रिकामा करून प्लग काढावा आणि दोन्ही दारे पूर्ण एक दिवस उघडी ठेवावीत. मागचा ट्रे भरून पाणी फरशीवर येऊ शकते, तेव्हा जुनी फडकी अंथरावीत. सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडण्याचा मोह मात्र आवरावा, कारण कॉइलच्या नळीला भोक पडले तर आज नसलेला गॅसचा खर्च उद्या खरोखरच उभा राहील. पुन्हा चालू केल्यावर खालचा कप्पा काही दिवस उत्तम थंड झाला आणि नंतर तीच तक्रार आली, तर गॅस शाबूत आहे आणि दोष बर्फ वितळवणाऱ्या व्यवस्थेत आहे असे समजावे.

कोकणवासी:
वरील उत्तराशी सहमत आहे. गॅसविषयी थोडी भर घालतो. फ्रीजचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, आणि कमी झालाच तर कुठेतरी गळती असते. अशा वेळी कॉइलच्या सुरुवातीच्या थोड्याच भागावर हिम दिसते, बाकीची कोरडी राहते आणि पुढे फ्रीझरमध्येही बर्फ जमेनासा होतो. गळती न शोधता 'नुसता गॅस मारून देतो' म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. गळती बंद करणे, फिल्टर-ड्रायर (गॅसमधला ओलावा व कचरा गाळणारा भाग) बदलणे, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढणे आणि लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणे, एवढे सर्व केले तरच ते काम टिकते. लेबलवर आर-६००ए असे असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे ज्वलनशील वायू आहे. बंद स्वयंपाकघरात, शेगडी पेटलेली असताना ते काम कोणालाही करू देऊ नये.

नागपूरकर:
दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व बर्फ वितळवला. वितळवण्याआधी मागचा पत्रा काढून पाहिला तेव्हा जवळजवळ संपूर्ण कॉइल पांढऱ्या बर्फात बुडालेली होती. त्यानंतर काही दिवस खाली पाणी छान गार होत होते. आता पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नेमका कोणता भाग तपासावा?

जुना कारागीर:
म्हणजे गॅसचा प्रश्न निकालात निघाला. आता हीटर, बायमेटल थर्मोस्टॅट (तापमानानुसार हीटरचा वीजप्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच), थर्मल फ्यूज (फार तापल्यास प्रवाह कायमचा तोडणारा भाग) आणि टायमर (किंवा बोर्ड) यांपैकी एक दोषी आहे. प्लग काढून हीटरची दोन टोके सुटी करावीत आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १५० ते २०० वॉटच्या हीटरचा रोध साधारण २६५ ते ३५० ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर जळालेला आहे. बायमेटल तपासताना अनेक जण फसतात. तो गोठणबिंदूच्या खालीच जोडला जातो आणि खोलीच्या तापमानाला तुटलेलाच असतो, त्यामुळे बाहेर काढून लगेच मोजल्यास चांगला भागही खराब वाटतो. तो मीठ मिसळलेल्या बर्फात गारठवून मगच मोजावा. थर्मल फ्यूज मात्र कोणत्याही सामान्य तापमानाला जोडलेला दिसला पाहिजे. हे तिन्ही ठीक निघाले तरच टायमरकडे वळावे.

फ्यूज गेलेला निघाल्यास काही जण तो काढून तिथे सरळ वायर जोडून देतात. तसे होऊ देऊ नये, कारण पुढे बायमेटल चिकटून राहिला तर हीटर तापतच राहील आणि आतले प्लास्टिक वितळेल. फ्यूज त्याच तापमानाचा, नवाच बसवून घ्यावा. पत्रा उघडलेलाच आहे तर कॉइलखालच्या निचऱ्याच्या भोकात कोमट पाणी ओतून ते मागच्या ट्रेमध्ये उतरते का, हेही पाहून घ्यावे.